मोरीवरची निवडनारी

सरका जरा, सरका. सर्जा, ती बिडी इझव आधी. घसा माझा कोरडा पडायचा आन धूर तुजा, असं कसं चालंल? लाईट गेली ती काय आता सकाळपतूर येत न्हाई, तवा जाळी बी शिवून व्हायची न्हाईत. गुमान बसा. आन मधीच "मग काय झालं आत्या, मग काय झालं" करायचं न्हाई. मग काय झालं तेच सांगाया बसली ना मी?

ऐका तर.

आपल्या ह्याच भोई आळीत शिदू राहायचा. यमाजीचा ल्योक. तुमच्यातल्या कुनी बघितला न्हाई त्याला, मी बघितलाय. हडकुळा, लांब हाताचा, आन त्या हातात काय इद्या हुती म्हनता! डोळं बांधा त्याचं, पान्यात हात घालू द्या, माशाचं नुसतं शेपूट बोटाला लागलं की सांगनार, कोन हाय, नर हाय का मादी, गाभोळी हाय का न्हाई. त्याच्या बापानंच शिकिवलं हुतं. यमाजी म्हनायचा, डोळा फसतो, बोट फसत न्हाई.

पन एक खोड हुती शिदूला. माशाला कुनी चुकीचं नाव दिलं की त्याला सोसायचं न्हाई. जिभंला जशी काय इंगळीच डसायची. एकदा बाजारात तालुक्याचा कोन सायब आला, म्हनला, "हा रोहू केवढ्याला?" शिदू म्हनला, "रोहू न्हवं त्यो सायब, मिरगळ." सायब म्हनला, "असेल." झालं! शिदू पाटीवरनं उठलाच. "असेल न्हाई, हाय! त्वांड बघा त्याचं, व्हट बघा, रोहूचा व्हट असा असतो व्हय?" सायब गेला निघून. अनशी, त्याची बायकू, शेजारीच बसल्याली. तिनं त्याला असा चिमटा काढला! म्हनली, "अवं, इका की आधी! त्याला काय मिरगळीशी सोयरीक करायचीय व्हय?"

हसू नका. तुमची बी तीच खोड हाय. परवा त्या टीवीत कोन बाई वामीला मरळ म्हनली तर कोन वराडत हुतं रं घरात? भोयाच्या कानाव चुकीचं नाव पडलं की जीभ आपसूक सुटती. माझी बी सुटती.

दिवसा सुटली तर सुटू दे. पन रातच्याला तळ्यावर न्हाई हां! दिस मावळला की पान्याकडंला माशाचं नाव घ्यायचं न्हाई, ही आपली जुनी रीत. घरात आपन रातचं सापाला लांबडं म्हनतो का न्हाई, तसंच. शिंगाळ्याला मिशाळ म्हनायचं. चालटीला पान म्हनायचं. मरळीला तर कायच म्हनायचं न्हाई. नुसतं 'ती'.

का? तळ्याचं पानी सुटतं त्या मोरीवर ती बाई बसती म्हनून. निवडनारी.

आपन बायका सकाळच्याला बांधावर मासं निवडतो ना, ही चिलापी हिकडं, हा शिंगाळा तिकडं? तशी ती रातभर निवडत बसती. ज्या माशाचं नाव कुनी घेतलं त्यो तिच्या पाटीत गेला. आन नाव घेनाराला बी ती हळूहळू निवडून घेती. कोन हुती, कुनाची हुती, कशी बुडाली, मला इचारू नका. ज्याला ठावं हुतं त्यो सांगाय राहिला न्हाई.

तर ऐका. अनशीची दोन लेकरं गेल्याली हुती. पयली पोर ठकी, चांगली पायात वाळं घालून अंगनभर दुडूदुडू पळायची, तापानं गेली. दुसरा बारशाच्या आधीच गेला, त्याला नाव सुदिक न्हाई. ही तिसरी येळ. नवस झालं, उपास झालं, अनशीनं नऊ म्हैनं जमिनीव पाय जपून टाकला. आन एक दिस दिवेलागनीला बाळंत झाली. पोरगी. जित्ती! रडली सुदिक, साऱ्या आळीला ऐकू गेलं. मी हुती ना तितं, पानी तापवीत हुती.

पन अनशीचं रगत थांबंना.

काय सांगू बाबांनो! गोधड्या बदलल्या, पोटाव चिंध्या बांधल्या, राहीआक्का सुईन हुती तिनं काय काय केलं, तवा कुटं थांबलं. थांबलं तवा अनशीत काय उरलंच न्हवतं. व्हट पांढरं, नखं पांढरी. तालुक्याला न्यावं तर गाडी तवा बैलाची, राहीआक्का म्हनली, "पयल्या हादऱ्यालाच जाईल ती." आन पोर? पोर सुकी छाती चोखायची, आन रडायची, परत चोखायची. त्या रडन्यानं शिदू येडा व्हायची पाळी. बाहीर यायचा, आत जायचा, भिताडाला डोकं टेकायचा.

राहीआक्कानं त्याला हाक मारली. म्हनली, "शिद्या, ऐक. मरळीचा रस्सा पोटात गेला हिच्या तर ही रात काढंल. मरळच पायजे. शिंगाळा आनू नगंस, बाळंतिनीला बाधतो. वाम तर दारातबी नगं. चिलापीत काय दम न्हाई. मरळ. जित्ती."

शिदू म्हनला, "उजाडल्यावर—"

"उजाडल्यावर आनलीस तर मला कशाला दाखवतूस? तिरडी बांधनाराला दाखव!"

अशीच हुती ती. गोड बोलायची न्हाई. पन खोटं बी बोलायची न्हाई.

शिदू आळीभर फिरला. दार न् दार वाजिवलं. कुनाच्या घागरीत मरळ न्हाई. जिकडं तिकडं चिलापी. ह्या चिलापीनं तळं खाऊन टाकलंया, तवाबी आन आताबी. मरळ ऱ्हायली हुती ती एका जागी, मोरीच्या तोंडाला, पानकनसाच्या गवतात. आन दिवसाबी तितं कोन जात न्हवतं, तितं हा रातचा निघाला.

बांधावरनं गेलं तर लांबचा येढा. म्हनून खालनं, मोरीच्या वाटंनं. जाळं खांद्याव, पाटी कमरंला, कंदील बी घेतला न्हाई. उजेड बघून मरळ बुडी मारती, हे तुमाला सांगाय नगं. उंबऱ्यापतूर राहीआक्का आली. म्हनली, "भांड्यात पडंस्तवर नाव घेऊ नगंस. कुनी बी इचारू दे. देव इचारू दे."

"न्हाई घेत."

"तुजी जीभ मला म्हाईत हाय, शिद्या."

"न्हाई घेत म्हनलं न्हवं!"

आन गेला.

अंधार असा की सोताचा हात सोताला दिसंना. वाटंत बाभळी, काट्यांनी धोतार फाटलं, त्याला सुद न्हाई. चालतोय आन पुटपुटतोय, "थांब अनशे, थांब, आलोच." मोरीपाशी आला. पानी दिसत न्हाई, नुसता वास येतोय शेवाळाचा. पाय चिखलात घातला, जाळं फेकलं. झर्रकन पसारलं, बुडालं. वडलं. जड!

हात घातला जाळ्यात. मासा चपटा, पाठीवर काटं, तळहाताला टोचलं. मनात म्हनला, च्या मायला, हितं बी हीच व्हय.

तेवढ्यात पानकनसाच्या पल्याडनं कोन तरी बोललं. बाईचा आवाज. अगदी साधा, बाजारात बसल्यावानी. म्हनली, "रोहू घावला वाटतं."

आन ह्याची जीभ! "रोहू कुठला बाई? चिलापी हाय ही."

गेलं! त्वांडातनं सबूद निघाला तसं हातातलं वजनच गेलं. मासा न्हाई. जाळं मोकळं. आन पायाखालचा चिखल असा आत वडला, असा, घोट्यापतूर.

शिदू म्हनला, सुटला वाटतं हातनं. रातचं दुसरं बी कोन मासं धराय आलंय वाटतं, म्हनून त्यानं तिकडं ध्यान दिलं न्हाई. बायकू मरायला टेकल्याली, मानसाचं डोकं ठिकान्यावर असतं व्हय? परत जाळं फेकलं. परत जड. हात घातला. अंगाव खवलं न्हाई, गुळगुळीत. तोंडाला मिशा, ह्या येवढ्या.

"वाम आली गं बया, वाम!" पल्याडनं बाई हासली. "सापावानी लांबलचक वाम!"

"वामीला मिशा असत्यात व्हय? शिंगाळा हाय त्यो, शिंगाळा!"

गुडघ्यापतूर!

आता समजलं त्याला. पाय वडून बघतो तर येत न्हाई. चिखल न्हवंच त्यो, कुनीतरी दोनी हातानं धरल्यावानी. आन पानकनसाच्या पल्याड आवाज यायला लागला, मासं पाटीत टाकल्याचा. टप. टप. एकाव एक. निवांत.

शिदूनं मुंडाशाचं टोक घेतलं आन दातात धरलं. मनात म्हनला, आता जीव गेला तरी बोलायचं न्हाई. आन कसंबसं जाळं फेकलं.

ह्या बारीला जाळ्यात पान आलं. चपटा, पाठीत बाक, पोटाखालनं शेपटापतूर एकच लांब पर. लहान पोरबी सांगंल, चालट ती. शिदू गप. दात मुंडाशात रुतलेलं.

तशी बाई गप झाली. आन दुसराच आवाज आला.

"शिद्या, कटला हाय रं त्यो."

त्याच्या बापाचा आवाज, यमाजीचा! त्योच खोकला, त्योच घोगरा गळा. यमाजीला जाऊन वरसं झाली हुती.

"कटला हाय, शिद्या. येवढं बी वळखंना तुला? काय शिकिवलं मी तुला? माझ्या नावाला काळं फासलंस. भोयाचा न्हाईसच तू. सांग, कटला न्हाई तर काय हाय? सांग की!"

आरं, बापानं असं म्हनल्यावर कोन गप बसंल? शिदूच्या डोळ्याला पानी आलं. बापाला तेवढं तरी कळावं, आपुन इसरलो न्हाई. मुंडासं दातातनं सुटलं, आन म्हनला, "चा—"

तितंच जीभ चावली. कचकन. त्वांड रगतानं भरलं.

अर्धाच सबूद, पन तेवढ्यानं बी चिखल कमरंला आला. मासा अर्धा गेला. व्हय, अर्धा! हातात शेपटाकडचा तुकडा राह्यला आन त्योबी इरघळला. शिदू कमरंपतूर रुतल्याला, हात तेवढं मोकळं. तिकडं घरात अनशी, हिकडं हा. कुनाला हाक मारावी तर त्वांड उघडायची चोरी. मनातल्या मनात खंडोबाला म्हनला, मला ने, पन आधी मरळ दे. पोचती करतो आन मग ने.

आन तितंच, बाबांनो, त्याच्या हाताशी, एक बुडबुडा आला. गुबुक्.

मरळ अशीच वर येती हवा प्यायला. शिदूनं जाळं टाकलं न्हाई. उजवा हात पान्यात सोडला, हळू, लई हळू. बोटाला लागलं. गोल अंग, मनगटायेवढं. पाठीवर लांब पर, डोक्याच्या मागनं थेट शेपटापतूर, मधी कुटं तुटत न्हाई. काटा न्हाई. मिशा न्हाई. डोसकं सापावानी, वर ढालीवानी खवलं. तीच. तीच! आंगठा तिच्या तोंडात घातला, दात लागलं, रगत आलं, सोडलं न्हाई. मुंडाशात गुंडाळली, पोटाशी बांधली. ती मुंडाशातनं धडका मारतीय पोटाव. शिदूला रडू यायला लागलं आनंदानं.

आन मग ती दिसली.

मोरीच्या दगडाव बसल्याली. उजेड कसला न्हाई तरी दिसली. कासोटा घातल्याला, केस मोकळं, केसातनं पानी. मांडीशी पाटी. खाली मान घालून निवडतीय. ह्याच्याकडं बघितलंच न्हाई तिनं. म्हनली, "काय घावलं रं?"

शिदू गप.

"चिलापी हाय का?"

गप.

"डोक हाय, डोक. 'ती'वानी दिसती, पन 'ती' न्हवं. तुला फसिवलं. डोक घालतूस व्हय बाळंतिनीला? मारतूस तिला?"

शिदूच्या मनात आलं, खरंच डोक असली तर? डोक बी तशीच असती, मरळीच्या धाकल्या भैनीवानी. पन त्याच्या बोटाला ठावं हुतं. बाप म्हनायचा, बोट फसत न्हाई. गप ऱ्हायला. आन जसा गप ऱ्हायला तसा चिखल इतभर ढिला झाला. तवा त्याला कळलं. बोललं की रुततंय, गप ऱ्हायलं की सुटतंय.

पानकनसाचं मूळ धरलं आन वडायला लागला सोताला.

तशी निवडनारीनं पाटीत हात घातला. खोल, खांद्यापतूर. आन काय काढलं? बारकंसं, पांढरं. मासाच म्हनावा तर त्याला पाय. आन पायात वाळं.

"ही कोन रं?" म्हनली. आता आवाज लई मऊ. "समदी मासळी वळखतूस. हिला वळख. नाव घे तिचं. नाव घेतलंस की दिऊन टाकती. घरी ने. अनशीच्या कुशीत घाल."

आन ते पांढरं हाललं. वाळं वाजलं. म्हनलं, "बा."

ठकी!

आरं, मी म्हातारी सांगती तुमाला, वाघ समोर आला असता तर बरं हुतं. त्याच्या पोटच्या गोळ्याचा आवाज. "बा, मला थंडी वाजतीया. बा, मला हाक मार की." किती दिसांत त्यानं ते नाव मोठ्यानं घेतलं न्हवतं! घरात घेतलं की अनशी रडायची म्हनून. नाव गळ्यापतूर आलं. व्हटापतूर आलं. पोर हात पसारतीय. शिदूनं काय केलं म्हाईत हाय? खालचा चिखल उचलला मूठभर आन सोताच्या त्वांडात कोंबला. परत उचलला, परत कोंबला. डोळ्यातनं धारा, त्वांडात चिखल, आन मान हालवतोय, न्हाई, न्हाई.

वाळं वाजायचं थांबलं.

चिखलानं त्याला सोडला. हातापायाव रांगत वर आला आन जो पळत सुटला! बाभळीत पडला, उठला, पडला. मागनं वल्ली पावलं. पचक पचक पचक. आन आवाज तर कुनाकुनाचं! माझ्या सासऱ्याचा आवाज, म्हनं, "शिदू, थांब, काय घावलं बघू." राहीआक्काचा आवाज, म्हनं, "आनलीस का रं, दे हिकडं." बाजारातल्या त्या सायबाचा सुदिक! ह्यानं मागं बघितलं न्हाई. चिखल गिळला, वकला, पन बोलला न्हाई.

आळीत आला. पावलं थांबली. घराच्या दाराशी आला, दाराच्या फटीतनं चुलीचा उजेड दिसला. तवा त्याच्या जिवात जीव आला. त्वांडातला चिखल थुकला. दाराला हात लावनार, येवढ्यात आतनं अनशीचा आवाज.

"आलासा व्हय?"

शिदू दाराशीच खिळला.

"अवं, घावली का?" लई बारीक आवाज. "मी लई दम धरलाय बगा. आता धरवत न्हाई. काय घावलं? नाव घ्या येकडाव. येवढं ऐकलं की मी अजून जरा दम काढती. न्हाई घेतलं तर... तर मग मला जाऊ द्या. पोरीला संबाळा."

काय करावं मानसानं? सांगा की! नाव घ्यावं तर राहीआक्कानं सांगितल्यालं, भांड्यात पडंस्तवर न्हाई, देव इचारू दे. गप ऱ्हावं तर आत ती जाती. पोटाशी मरळ धडका मारतीय. बायकू दाराच्या पल्याड, चार पावलांवर, आन ही चार पावलं जनमाची झाल्याली.

"बोला की वं. येवढी बी माया न्हाई व्हय?"

शिदूनं दाराला कपाळ टेकलं. रडत रडत म्हनला, "चिलापी गं. अनशे, निस्ती चिलापी घावली. ती काय—" आन मनगट चावलं. फुडचं गिळलं.

भोयाच्या पोरानं, यमाजीच्या लेकानं, मरळीला चिलापी म्हनलं! जनमात पयल्यांदा. बायकूला वाटंल ह्यानं रिकाम्या हातानं परत येऊन माझा जीव घेतला, वाटू दे. फुडचं फुडं बघू. त्यानं डोळं गच्च मिटलं आन आतनं शेवटचा सुस्कारा ऐकायची वाट बघत हुबा ऱ्हायला.

आन आतनं काय आलं? आतनं न्हाई, त्याच्या पाठीमागनं आलं. अगदी मानंपाशी. आन आता त्यो अनशीचा आवाज न्हवता.

"आरं मुडद्या! चिलापी व्हय ती? भोयाच्या पोटचा हाईस का कुनाच्या? पाठीवरचा पर बघ! डोसकं बघ! मरळ हाय ती, मरळ, मरळ!"

म्हनली! तिनंच म्हनलं! नाव तिच्याच त्वांडातनं गेलं! निवडनारी झाली म्हनून काय झालं, ती बी आपल्यातलीच कोन तरी हुती. चुकीचं नाव तिला बी सोसलं न्हाई. आन ज्याच्या त्वांडातनं नाव जातं, त्याच्या हातनं मासा जातो. तिचाच नेम तिला बाधला.

बोळातनं मोरीपतूर एक हंबरडा गेला. पोरगी गेलेली बाई रडती तसा. आळीतली समदी कुत्री येकदम भुकायला लागली. शिदूनं दार ढकललं.

आत राहीआक्का पोरीला मांडीव घिऊन चुलीपाशी बसल्याली. मी तिच्या शेजारी. आमी दोघी बघायला लागलो ह्याच्याकडं. त्वांडाला चिखल, मनगटातनं रगत, डोळं भायीर आल्यालं. राहीआक्का म्हनली, "कुनाशी बोलत हुतास दारात?"

शिदूनं खाटल्याकडं बोट केलं.

"तिच्याशी?" राहीआक्का म्हनली. "शिद्या, तू गेल्यागेल्या तिची दातखीळ बसलीया. तिच्या त्वांडातनं एक सबूद निघाला न्हाई."

मी सांगती ना, मी तितंच हुती. आमी दोघींनी कुनाचा बी आवाज ऐकला न्हाई. फक्त ह्याचा ऐकला, दारातनं. चिलापी, चिलापी.

शिदूनं मुंडासं सोडलं आन मरळ थेट पातेल्यात टाकली. ती पातेल्यात अशी उसळली की झाकान उडालं. राहीआक्कानं हात घातला, पाठीवरनं बोट फिरिवलं, आन कधी न्हवं ती म्हातारी रडायला लागली.

रस्सा केला. मीठ आन हळद, बाकी काय न्हाई. चमच्याच्या दांडीनं दात उघडलं, आन कापसाच्या बोळ्यानं घातला एक एक थेंब. पयला भायीर आला. दुसरा भायीर आला. शिदू तिचं डोसकं मांडीव घिऊन बसलेला. कितव्या थेंबाला घोट गेला मला म्हाईत न्हाई, पन गेला. गळा हालला! राहीआक्का म्हनली, "गेला. आता रडू नगंस, घाल."

रातभर घातला. उजाडता उजाडता तिच्या व्हटाला रंग आला. पोरीला छातीशी लावली. आधी सुकंच चोखलं पोरीनं. मग घटाघटा आवाज यायला लागला. त्यो आवाज ऐकून शिदू जमिनीव आडवा झाला आन लहान पोरावानी हुंदकं द्यायला लागला.

अनशीनं डोळं उघडलं. ह्या बारीला खरी अनशी. म्हनली, "अवं, कसला रस्सा घातला मला?"

भायीर चांगलं ऊन पडलं हुतं. बोलला असता तर काय बिघडत न्हवतं. पन शिदूच्या त्वांडातनं ते नाव निघंना. म्हनला, "प्यालीस न्हवं? मग झालं."

आन मग जनमभर तेच. ती पोर मोठी झाली, लगीन होऊन गेली, तिला बी पोरं झाली. अनशी अधनंमधनं इचारायची, "खरं सांगा, मरळ हुती न्हवं ती?" शिदू म्हनायचा, "असंल." बाजारात गिऱ्हाइकानं मरळीला वाम म्हनलं तरी, "व्हय सायब, वाम. घ्या." लोक हासायचं, यमाजीचा पोरगा बिघडला म्हनायचं. त्यानं कंदी मान वर केली न्हाई. फक्त एकदा, दारू न पिता, त्या रातचं समदं मला सांगितलं, म्हनला, "वयनी, ठकी खरंच तिच्या पाटीत असंल, म्हनून आवाज आला. त्वांडात चिखल कोंबला मी. पोरीला हाक मारली न्हाई." मग म्हनला, "दुसरी वाचली न्हवं. वाचली."

तर बाबांनो, गुमान ऐका आता. मोरीच्या वाटंनं जायाचं न्हाई. बांध लांब पडतो म्हनून न्हाई, कुनाला आजार हाय म्हनून न्हाई, जवळ पडतं म्हनून तर न्हाईच. पाय मोडले तरी बांधावरनं चाला. आन गेलाच कुनी मसन्या, तर तितं कोन बी बोललं, तुमचा बाप बोलला, तुमची गेल्याली लेक बोलली, तरी त्वांड उघडू नका. शिदूला गेल्याली लेक सोडून जित्ती बायकू आन पोर वाचवायची हुती, तवा त्याला जमलं. तुमाला जमंल का, मला भरवसा न्हाई.

ऊठ सर्जा. घोंगडी झटक, आन समद्यांनी घरी जावा. सकाळी तळ्यावर बांधावरनंच जायाचं.